चाळीस भारी चटया, शनिवारच्या आत

मोठी ऑर्डर आली की माणसाला आनंद व्हायला हवा. लोसालिनेचा आनंद जेमतेम पाच मिनिटं टिकला.

माउंट ड्रुइटमधल्या तिच्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नव्हती. तिथे छतापर्यंत ताओवाला रचलेले असायचे, म्हणजे चर्चला, लग्नाला, मयताला जाताना टोंगाच्या माणसाने कमरेला गुंडाळायच्या चटया. वावाऊ बेटावरच्या तिच्या माहेरगावच्या बायका त्या विणून पाठवायच्या आणि ती सिडनीत बसून ऑनलाइन बाजारात विकायची. गेल्या वादळात त्या बायकांच्या विणायच्या घराचं छप्पर उडालं होतं. हा माल खपला की नवे पत्रे, असं ठरलं होतं. लोसालिनेने तसा शब्दच दिला होता.

आणि बुधवारी सकाळी फोन टिंग झाला. चाळीस चटया, सगळ्या पहिल्या प्रतीच्या, बारीक विणीच्या. त्यांतली एखादी खपली तरी तिचा आठवडा सोन्याचा जायचा.

"खपलं की छप्पर," ती मोठ्याने म्हणाली आणि तिथेच चुकली, कारण स्वयंपाकघरातून पिसिलाताई बाहेर आल्या.

पिसिलाताई म्हणजे लोसालिनेची थोरली नणंद. टोंगात बहिणीचा मान भावाच्या वर, त्यामुळे कर्ज लोसालिनेच्या नवऱ्याने काढलं असलं तरी घर पिसिलाताईंचं होतं. त्यांनी चष्मा चढवला, फोन हातात घेतला आणि तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक वेचायला घेतलं.

"खातं आज सकाळी उघडलंय. दोन कार्डं चालली नाहीत, तिसरं चाललं. ते बाईच्या नावाचं, आणि मागवणारा पुरुष. नाव काय, तर ग्लेन होल्कोम्ब. हा कुठल्या बेटावरचा टोंगन गं?"

"असेल कोणाचा जावई."

"पत्ता गॅटन गावचा, शेतावरचा. आणि हे वाच. 'किंमत बघू नका, सगळ्यात भारी द्या, शनिवारच्या आत पोचवा.' किंमत न बघणारा माणूस दुसऱ्याच्या पैशांनीच खरेदी करतो. मागल्या वर्षीचं विसरलीस?"

विसरते कशी? मागल्या वर्षी लग्नाची म्हणून एक मोठी ऑर्डर गेली होती. कार्ड चोरीचं निघालं, बाजारवाल्यांनी पैसे परत काढून घेतले आणि चटया कुठे गेल्या देव जाणे. गावातल्या बायकांना फोनवर ते सांगताना लोसालिनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आणि सगळ्यात मोठी गंमत तर शेवटच्या ओळीत आहे," पिसिलाताई म्हणाल्या. "म्हणे मयतासाठी हव्यात."

लोसालिनेने ओळ पुन्हा वाचली. मयताला चाळीसच्या चाळीस माणसं भारी चटई नेसून? मेलेल्याच्या लेकरांनी तर घरातली सगळ्यात जुनी, फाटकी, काखेपर्यंत येणारी चटई गुंडाळायची असते. जितकं जवळचं आणि मानाने खालचं, तितकं फाटकं. भारी चटई नेसावी मेलेल्याच्या बहिणीच्या पोरांनी. टोंगातलं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. इंटरनेटवरचा चोर मात्र करेल.

"रद्द कर," पिसिलाताईंनी फोन परत दिला.

रद्द करणं सोपं होतं, एक बटण दाबायचं. पण माणूस खरा असला तर त्या बटणाबरोबर छप्परही जाणार होतं. लोसालिनेचा अंगठा काही खाली जाईना. शेवटी तिने ऑर्डरवरचा नंबर लावला.

"चोराला फोन करून विचारणार, बाबा रे, तू चोर का म्हणून," पिसिलाताई पुटपुटल्या, पण हलल्या नाहीत. उलट खुर्ची जवळ ओढून बसल्या.

पलीकडे ट्रॅक्टर धडधडत होता. मग तो थांबला आणि एक घोगरा आवाज आला, "हां, ग्लेन बोलतोय."

"चटयांचं दुकान. मयत कोणाचं आहे?"

"माझ्याकडे कांदे काढायला टोंगाची पोरं आहेत ना, त्यांतल्या लिसिआतेचे वडील गेले हो, तिकडे गावी. पोराला विमान मिळालं नाही. शनिवारी इथेच शेडमध्ये सगळे बसणार, पडद्यावर तिकडचं बघणार." त्याने ट्रॅक्टरवरून उडी मारल्याचा आवाज आला. "फिनेआसी, म्हणजे त्याचा बाप, आधी माझ्याकडेच होता. पहिल्या सहा हंगामांना. मला कांद्यातलं काही कळत नव्हतं तेव्हा. मला 'पोरा' म्हणायचा, मी मालक असून."

"मग चाळीस कशाला?"

"काय सांगू बाई. परवा शेडमध्ये गेलो, तर लिसिआते कोपऱ्यात बसलेला, कमरेला फाटकं गोणपाट बांधून. कांद्याचं. बापाच्या दुखवट्याला पोराकडे धड चटई नाही? मला बघवेना. म्हटलं, असं बसायचं नाही. ते मीच सोडलं आणि कचऱ्यात टाकलं. रात्री बायकोने तुमचं दुकान शोधून काढलं. म्हटलं, एकट्याला कशाला, सगळ्यांनाच घेऊ, सगळ्यात चांगल्या. माझं कार्ड चाललं नाही, शेताचं चाललं नाही, मग तिचं घातलं."

लोसालिनेने पिसिलाताईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता.

"लिसिआतेला द्या जरा," लोसालिने म्हणाली.

बराच वेळ गेला. मग दबका आवाज आला. आता ती टोंगनमध्ये बोलू लागली.

"बाळा, मी लोसालिने, वावाऊची. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. हे चटयांचं तुला माहीत आहे?"

"माहीत आहे, मावशी." त्याने आवाज आणखी खाली आणला. "बाकीच्यांकडे आपापल्या आहेत. आम्हाला कोणालाच नकोयत."

"मग बोलत का नाहीस?"

"कसं बोलू? सकाळपासून फोनवर चित्रं दाखवत फिरतोय सगळ्यांना. ही बघ वीण, ही बघ किनार. इतका खूश आहे. आणि माझी चटई घरी राहिली, म्हणून मी ते गोणपाट शोधलं होतं. बरं होतं ते. चांगलं फाटलेलं होतं. त्याने सोडलं, तेव्हा मी नको म्हणालो नाही, मावशी. बापाच्या दुखवट्याचं होतं ते, आणि मी सोडू दिलं."

ऑर्डर खरी होती. शेतकरी खरा, कार्ड खरं, पैसे खरे. काही न बोलता खोकी बांधली असती तर गावाला छप्पर मिळालं असतं, ग्लेनला समाधान मिळालं असतं, आणि हे पोर शनिवारी बापासमोर भारी चटई नेसून, लाजेने मान खाली घालून बसलं असतं.

"मालकाला दे," ती म्हणाली.

तिने ग्लेनला सगळं सांगितलं. गोणपाट गरिबीचं नव्हतं, मानाचं होतं. जो मेलेल्याचा लेक, त्याने फाटकंच नेसायचं असतं, हेही सांगितलं.

"म्हणजे मी ते..." ग्लेन म्हणाला. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला, मग धावणारे बूट, मग पत्र्याचं पिंप आडवं पडल्याचा धडाका, आणि दुरून ओरडणं, "शुक्रवारी गाडी येते ना रे कचऱ्याची? आली नाही ना अजून?"

लोसालिनेने ऑर्डर रद्द केली. मनापासून केली असं म्हणणं खोटं होईल. बटण दाबल्यावर ती जरा वेळ गॅरेजमध्ये जाऊन बसली. गावी फोन करून तिने खरं काय ते सांगितलं. तिकडे बायकांतलं कोणीतरी ग्लेनची नक्कल करत "किंमत बघू नका" म्हणालं आणि सगळ्या हसत सुटल्या. छप्पर मात्र झालं नाही.

रविवारी चर्चहून परतल्यावर लिसिआतेचा फोटो आला. शेडमध्ये कांद्याच्या ढिगाशेजारी तो बसला होता. कमरेचं गोणपाट काखेपर्यंत ओढलेलं, त्यावर कसले कसले डाग. शेजारी मांडी घालता न येणारा एक लाल तोंडाचा माणूस पाय लांब करून बसला होता. त्याच्याही कमरेला गोणपाट होतं, लिसिआतेच्यापेक्षा जास्त फाटकं.

लोसालिनेने धास्तावून फोन पिसिलाताईंपुढे धरला. परक्याने लेकाच्या जागी बसलेलं त्यांनी कधी खपवून घेतलं नव्हतं. चुलत दिरालासुद्धा त्यांनी एकदा भर मयतात चटई बदलायला लावली होती.

"तू सांगितलं होतंस ना त्याला, हे कोण नेसतं ते?" त्यांनी फोटोवरून नजर न काढता विचारलं.

"सांगितलं होतं, ताई. नीट."

पिसिलाताईंनी फोटो मोठा केला.

"ग्लेनची गाठ चुकलीय," त्या म्हणाल्या. "मोठ्या मुलाची उजवीकडे असते म्हणून सांग त्याला."