दिवाळीपर्यंत वेशीच्या आत

सांगलीची हळद कुठं कुठं जाते हे बघायला आम्हांला नकाशा लागत नव्हता. जिनदत्तआण्णांच्या अडतीत मी तोलार होतो. पोत्याचं तोंड शिवतानाच माल कुठल्या मुलखाचा ते कळायचं. कलकत्त्याकडं घासून पिवळीधमक केलेली हळकुंडं, मद्रासकडं गोल गड्डा, पंजाबात दोन्ही. हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे जमिनीखालच्या त्या खोल कोठारांतून, माल वर आला की आवाराची माती, बैलांची शिंगं, आमच्या पापण्या, सगळंच पिवळं होऊन जाई.

आण्णांचं एक ठरलेलं बोलणं असे. "देश म्हंजे काय रं, केरबा? एक मोठं सैपाकघर. कोण भात खातंय, कोण रोटी. कोण पूर्वेला हात जोडतंय, कोण पश्चिमेला. पण डाळीला हळद सगळ्यांच्या."

आण्णा जैन, मी माळकरी. पण हे बोलणं मला फार गोड लागे, कारण हरिपूरच्या देवळात कीर्तनाला बुवा तेच सांगत, फक्त चालीवर. घागरी निराळ्या, पाणी एक. महाबळेश्वरात पडलेला पाऊस आमच्या देवळामागं येऊन वारणेला मिळतो तेव्हा कुठला थेंब कुणाचा हे कोण विचारतो? बुवा असं म्हणाले की मी टाळ विसरून रडत बसे.

आण्णांचा एकुलता मुलगा वर्धमान. शिमगा झाला की तो पंजाबात लायलपूरला जाई. तिथल्या मंडईत आमची लहानशी पेढी होती. उन्हाळाभर माल विकून आषाढात तो परत येई. त्याची कार्डं आली की शालनवैनी, म्हणजे त्याची आई, ती मला मोठ्यानं वाचायला लावी. वर्धमान लिही, की इथं पाच नद्यांचं पाणी कालव्यांनी फिरवलंय, गव्हाला अंत नाही, माणसं धिप्पाड आणि मायाळू आहेत, पण आई, सबंध मुलखात दगड म्हणून दृष्टीला पडत नाही. वैनींना त्या माणसांची काळजी लागली. दगड नाही तर बायका वाटण कशानं वाटतात? पुढच्या खेपेला त्यांनी पोराबरोबर इथला काळा वरवंटा दिला. त्यानं तो अर्धा देश ओलांडून नेला. डब्यातली माणसं हसली, पण लायलपूरच्या शेजारणीनं तो कपाळाला लावून घेतला, असं त्यानं लिहिलं होतं. शेजारीण मुसलमान होती.

सत्तेचाळीस सालच्या आषाढात त्याची बायको गुणमाला माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. तार मिळताच वर्धमाननं लिहिलं, निघतोच.

नेमकं तेव्हाच लाहोर पेटल्याचं वर्तमानपत्रात आलं. लायलपूरहून यायचं तर वाट लाहोरावरून. गाड्या अडवून माणसं उतरवून घेतात, असं ऐकू येत होतं. लायलपूर मात्र शांत होतं. उलट आजूबाजूची माणसं तिथं आसऱ्याला येत होती. वैनींनी आण्णांना सांगितलं, त्याला लिहा, हलू नको. आण्णा म्हणाले, लिहून काय उपयोग, लेकीचं तोंड बघायला तो आगीतून येईल. खरंच होतं. वर्धमान सांगितलेलं ऐकणारा नव्हता. पण घेतलेलं व्रत मोडणारा तर मुळीच नव्हता.

त्यांच्यात चातुर्मासात देशव्रत घेतात. आपली हद्द आपणच आखायची. या नदीपलीकडे जाणार नाही, या वेशीबाहेर पाऊल टाकणार नाही. पायाखाली जीव कमी मरावेत, मनाची धाव आटोक्यात यावी, म्हणून. वैनी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, गेल्या, भगवंतापुढं बसल्या आणि मुलाला निरोप धाडला: दिवाळीपर्यंत लायलपूरच्या वेशीबाहेर जायचं नाही, असं देशव्रत घे, तुला माझी आण आहे.

त्याचं कार्ड आलं. घराकडं, दक्षिणेला तोंड करून व्रत घेतलं, म्हणून लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, की आई, तू मला बरोबर पकडलंस. वैनी त्या दिवशी किती दिवसांनी पोटभर जेवल्या. आम्हां सगळ्यांना वाटलं, आईच्या अकलेला तोड नाही.

मग रेघ पडली. लायलपूर पलीकडं गेलं.

तरी आण्णा म्हणत होते, राजा बदलला म्हणून कुणी डाळीत हळद टाकायचं सोडतं का? श्रावण सरता सरता मात्र त्यांचा आवाज बसला. आता लायलपूरचीच माणसं बाहेर काढायला लागल्याच्या बातम्या येत होत्या. वैनी बस्तीतल्या उपाध्यांकडं गेल्या. मी दिलेलं व्रत मीच सोडवते, म्हणाल्या. उपाधे भले गृहस्थ, पण शास्त्रापुढं त्यांचा इलाज चालेना. व्रत ज्यानं घेतलं त्याचं. दुसऱ्याला ते सोडवता येत नाही. वैनी म्हणाल्या, मग पाप माझ्या माथी लिहा, आणि तार करा. आण्णांनी तार केली: आईनं व्रत सोडवलं, आहेस तसा निघ. पोस्टात तार घेतली. पुढं कितीतरी दिवसांनी कळलं, की तिकडं धाडलेल्या तारा पोचतच नव्हत्या.

दिवाळी आली. त्यांच्यात त्या पहाटे महावीरांचा निर्वाणलाडू चढवतात. वैनींनी तो चढवला आणि घरी येऊन पहिलं काय केलं, तर दारासमोरचा बोळ झाडून काढला. आता पोरगा मोकळा झाला, निघाला असेल. गुणमाला लेकीला घेऊन सासरी आली. बारशाला बाप हवा म्हणून मुलीचं नाव ठेवायचं राहिलं होतं. घरात सगळे तिला नुसतं बाळी म्हणत.

आण्णा आता बाजारच्या दिवशी गाडीतळावर जाऊन बसत. साताऱ्याकडचं माणूस दिसलं की विचारत, तुमच्याकडचं कोण पलटणीत हाय का, पंजाबात? आमच्या बाजूला घरटी एक तरी पलटणीत असतोच. कोण ब्रह्मदेशात होता, कोण इटलीत पडला होता. शेवटी वडूजकडचा धुळा धनगर घोंगडी विकायला आला, तो म्हणाला, आमचा सयाजी आलाय की परवा, पाय मोडून. पंजाबातच हुता, लोकं भरून आणायला.

मी आणि आण्णा मोटारनं वडूजला गेलो. विट्याच्या पुढं हिरवं संपलं. मार्गशीर्षातच तिथली रानं उघडी पडलेली. आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, हितं दगडच दगड हाय. एवढंच बोलले.

सयाजी ओसरीवर पाय पसरून बसला होता. त्याची आई मनुबाई चहा घेऊन आली. आण्णा गाळल्याशिवाय पाणी पीत नसत, प्रवासात स्वतःचा तांब्या बाळगत. त्या दिवशी त्यांनी तो चहा न बघता पिऊन टाकला.

मी लायलपूरचं नाव काढलं आणि सयाजी आण्णांकडं बघायला लागला. मग म्हणाला, "हळदीचं का तुमी?"

आण्णांनी मान हलवली.

दसऱ्याच्या आधी तो ट्रकांच्या तांड्याबरोबर लायलपूरला गेला होता. माणसं भरताना एक इंजिन बंद पडलं, तेव्हा त्यानं ड्रायव्हरला आईवरून अस्सल शिवी हासडली. "तर खालनं कोणतरी म्हनलं, ‘सातारचं काय वो तुमी?’ त्या गलक्यात मराठी! मला वाटलं कान वाजाय लागलं." त्या पोराला शिवीचाच एवढा आनंद झाला होता, की तो म्हणाला, आणखी एक द्या की. मग दिवसभर तो सयाजीबरोबर राबला. म्हाताऱ्या उचलून ट्रकात बसवल्या, पोरांना पाणी पाजलं. संध्याकाळी सयाजीनं त्याच्यापुढं रोटी धरली, तर दिवस बुडाला म्हणून घेतली नाही.

"तवाच म्या वळखलं, हे आपल्याकडचं जैनाचं पोर," सयाजी म्हणाला. "म्हनलं, चल, बस. तर म्हनला, दिवाळीपातुर वेशीभाईर जायाचं न्हाई, आईला शब्द दिलाय. म्हनलं, गड्या, आई हजार कोसांवर हाय. हितं कोण बघतंय तुला?"

"मग?" आण्णांनी विचारलं.

"म्हनला, कोण बघत न्हाई तवाच पाळायचं असतं."

आण्णा म्हणाले, "बळं का न्हाई घातलंस रं? फौजी गडी तू."

सयाजीनं मान खाली घातली. "घालणार हुतो, आवं. दंडाला धरलं हुतं. तवर एक बाई आली, कडंवर एक, हाताला एक. जागा येकच हुती. त्येनंच तिला वर चढवली." मग म्हणाला, "जाताना म्हनला, पुन्हा गावाकडं गेलात तर आईला सांगा, व्रत मोडलं न्हाई."

दिवाळीनंतर, पाय मोडण्याआधी, सयाजी पुन्हा तिकडं गेला होता. मंडई शोधून काढली. पेढीत दुसरंच बिऱ्हाड होतं, जालंधरकडून हाकलून दिलेलं. त्या माणसाचं घर इकडं जळालं होतं, दोन भाऊ वाटेत गेले होते. त्यानं सयाजीला बसायला घातलं, पाणी दिलं. म्हणाला, आम्ही आलो तेव्हा कुलूप नव्हतं, आत कोणी नव्हतं, जमिनीवर हळद सांडलेली होती. याउपर मला ठाऊक नाही, कुराणाची शपथ. सयाजीनं छावणीत विचारलं, स्टेशनावर विचारलं. हळदवाला मराठा म्हणून बऱ्याच जणांनी त्याला बघितलं होतं. दिवाळीच्या आधी आठवड्याभरापर्यंत बघितलं होतं. नंतर कुणीच नाही.

परतीच्या मोटारीत मी देवाचं नाव घेत होतो. आण्णा काय घेत होते ठाऊक नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कासराभर उरला होता. वैनींनी ताटं वाढून ठेवली होती. त्यांनी आण्णांकडं पाहिलं. आण्णांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. ते पडवीच्या कट्ट्यावर तसेच बसले, पायताणही न काढता. वैनी माझ्याकडं वळल्या. गुणमाला आतल्या दाराशी उभी होती, बाळी तिच्या खांद्यावर झोपलेली.

मी सगळं सांगितलं. शेवटचा निरोपही सांगितला. तो गाळावा असं मनात आलं होतं. पण निरोप आईसाठी होता, माझा नव्हता.

वैनींनी विचारलं, "असं म्हनला? मोडलं न्हाई म्हनला?"

"व्हय, वैनी."

त्या खाली बसल्या. एवढ्यात गुणमाला आत निघून गेली. तिचा आवाज आला नाही, फक्त बाळी जागी होऊन रडायला लागली. वैनी म्हणाल्या, "मोकळा असता तर आषाढातच निघाला असता. त्या टायमाला गाड्या तरी येत हुत्या. मी बांधून घातला त्येला."

मला राहवलं नाही. जन्मभर जे ऐकत आलो तेच तोंडातून आलं. म्हणालो, वैनी, वचन पाळणाऱ्याला देव टाकत नाही. प्रत्येक आख्यानात बघा, शेवटच्या क्षणाला तो येऊन हात धरतो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कीर्तनाला त्या कितीदा माझ्या बायकोबरोबर येऊन बसल्या होत्या, माझं वेड त्यांना माहीत होतं.

"भावजी, तुमचा देव धावून येतो. आमचा डोळं मिटून बसलाय. त्यो कुणाला देत न्हाई, कुणाचं घेत न्हाई. ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवायची, असं आमच्यात. मी मारली. आता कुठं जाऊन सोडवू, तेवढं सांगा."

दिवस बुडाला. ताटं तशीच राहिली. त्या घरात आता दुसऱ्या दिवशीच्या सूर्यापर्यंत कुणी खाणार नव्हतं.

पौषात हरिपूरला बुवा आले. मी जाणार नव्हतो, पण माझ्याशिवाय टाळाला माणूस नव्हता. बुवांनी सत्यवचनी राजाचं आख्यान लावलं. राज्य गेलं, बायको गेली, पोर गेलं, तरी राजा शब्दावर उभा. बुवांचा गळा काय वर्णावा. बायका पदरात तोंड घालून रडत होत्या. मग तो क्षण आला. राजाचा हात उगारलेला, आणि देव प्रकट होऊन तो हात धरतो, मेलेलं पोर उठून बसतं. देऊळ गजरानं भरून गेलं. या ठिकाणी सगळ्यांत आधी माझे डोळे वाहायचे, गावात तशी चेष्टाच होती माझी.

त्या दिवशी डोळे कोरडे राहिले. मी समोरच्या पिंडीकडं बघत मनात म्हणालो, देवा, लायलपुरातही एक जण शब्दावर उभा होता. कुणी बघत नव्हतं. तू तरी बघत होतास का? गेला होतास का तिथं? का त्यानं कधी तुझा गजर केला नव्हता, म्हणून गेला नाहीस?

बुवांनी माझ्याकडं बघून हातानं खूण केली. मंडळी उभी राहिली होती, भजन सुरू झालं होतं, आणि माझे टाळ गप्प होते.

मी वाजवायला लागलो.