लाल चांदव्याखालचं रक्त

"गाल बघा, गाल! अहो, सकाळी कागदासारखी पांढरी होती ही बाई!"

सेवेकरी ओरडला, तशी हॉलमधली माणसं एकदम पुढे सरकली. समोरच्या खुर्चीत एक म्हातारी हातातल्या आरशात बघून रडत होती. गाल गुलाबी, ओठ गुलाबी. डोक्यावर सगळ्या हॉलभर लाल रेशमी चांदवा ताणलेला, खिडक्यांना तसलेच पडदे, आणि मधोमध मऊ गादीवर तेजोबाबा डोळे मिटून बसलेले.

"रक्त आटत नाही, मायबाप! रक्त रुसतं. हाडांच्या पोकळीत जाऊन झोपतं. डॉक्टर काय करतो? सुई टोचतो. झोपलेल्याला कुणी टोचतं का? मी नुसती हाक मारतो. ये बाळा, ये!"

आणि बाळ म्हणे यायचं. कॅन्सरच्या, त्यातही वयानं थकलेल्या माणसांच्या अंगात तर धावत यायचं. बाबांची खास कृपा अशाच लोकांवर होती. ज्याला जिना चढवत नाही, तो माणूस उलटतपासणी कशी घेणार?

मागच्या रांगेत रिळवाली आपल्या सासूबाईंना धरून बसली होती. शिवणकामाच्या दुकानात ती कापडाला दोरा जुळवून द्यायची, म्हणून तिला सगळे रिळवालीच म्हणत. देवाधर्माची बाई, सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय तोंडात पाणी घालायची नाही. पण आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिचा डोळा सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होता.

सासूबाईंना आतड्याचा कॅन्सर. हिमोग्लोबिन सहाच्या खाली आलेलं. सुरुवातीला घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. तीस वर्षं टपालखात्यात धडाधड शिक्के मारलेला तो हात पाण्याचा तांब्या उचलताना थरथरायला लागला, चार पावलांत धाप लागायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले, "वय झालं आता." डॉक्टरीणबाईंनी मात्र ऐकून घेतलं नाही.

"वयाच्या नावावर काय काय खपवाल? आतून थेंबथेंब रक्त जातंय. औषधांनी नवीन रक्त बनायचा वेग मंदावलाय. त्यात जेवण नाही. हृदयाला किती दामटवायचं? मंगळवारी एकच्या आत आणा, रक्त चढवू. ते झाल्याशिवाय पुढचं औषध देता येणार नाही."

आज मंगळवार होता. बारा वाजत आले होते. आणि नवरा आईला घेऊन इथे आला होता, कारण बाबांनी बजावलं होतं, "परकं रक्त आत घेतलंत तर घरचं कायमचं रुसेल. सात बैठका पुऱ्या करा."

ही तिसरी.

"अहो, अजून वेळ आहे. रिक्षा करू या," ती पुटपुटली.

"तू गप्प बस गं! मागच्या वेळी आईचे गाल पाहिलेस ना? स्वतःच्या डोळ्यांनी?"

"पाहिले. आणि संध्याकाळी कुठे गेले ते?"

"नजर लागली. बाबा म्हणालेच होते."

बाबांचा नियमच होता तसा. बैठक संपली की तोंडावरून शाल ओढून घरी जायचं. सूर्य मावळेपर्यंत कुणाला तोंड दाखवायचं नाही, आपण आरशात बघायचं नाही. तेज कोवळं असतं, उन्हानं उडतं म्हणे. जे तेज ऊन पाहिलं की उडतं, ते तेज की चोर, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. श्रद्धेनं माणसाचे हात जोडले जातात, हे ठीकच. डोकंही जोडून टाकायचं असतं का?

वेळ जाईना म्हणून रिळवालीनं पिशवीतून दोन रिळं काढली. एका गिऱ्हाइकाच्या झग्याची होती. एक पांढरं, एक फिक्कट गुलाबी. गुलाबी दोरा सुईत ओवून ठेवावा म्हणून तिनं हात पुढे केला आणि थबकली.

दोन्ही रिळं सारखीच दिसत होती.

तिनं डोळे चोळले. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. पण पंधरा वर्षांत दिव्याखाली दोरा जुळवला होताच कधी? दुकानातला पहिला धडा तोच: रंग बघायचा तर दारात जा. पिवळ्या बल्बाखाली गिऱ्हाईक फसतं, तसा दुकानदारही फसतो.

तिनं मान वर केली. चांदव्याच्या वर दिवे पेटलेले होते. रेशमातून झिरपणारा लाल उजेड सगळ्यांवर सारखाच सांडत होता. नवऱ्याचे गाल गुलाबी. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाचे गाल गुलाबी. पण स्वतःच्या गालांकडे बघायला इथे कोण आलं होतं? आणि बाहेरची ती थांबायची खोली! हिरव्या भिंती, हिरवे दिवे. तिथेही सेवेकरी प्रत्येकाच्या हातात आरसा द्यायचा. "बघा, काय दशा झालीय!" हिरव्या उजेडात पैलवानसुद्धा मढ्यासारखा दिसेल.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज मऊच राहिला.

"बाबा, एक विचारू? यातलं पांढरं रीळ कुठलं?"

बाबांनी एक डोळा उघडला. "माते, पांढरं-काळं हा मायेचा खेळ आहे."

"मायेचा असू दे. तुम्ही तर हाडातलं रक्त बघता. हातातलं रीळ दिसेना?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी डावं रीळ उचललं. "हे."

"अगं, काय चालवलंयस!" नवरा ओरडला. तोवर ती खिडकीपाशी पोचली होती. सेवेकरी धावला. "बाई, पडदा नको! ऊन नको! तेज उडेल!"

"उडू दे. जे राहील ते आमचं."

तिनं पडदा ओढला तो दांड्यासकट खाली आला. शेजारच्या माणसानं दुसरा ओढला. दुपारचं ऊन हॉलमध्ये घुसलं आणि चांदव्याखालची ती लाली विरघळून गेली. बाबांच्या हातातलं रीळ गुलाबी होतं. आरसेवाल्या म्हातारीचे गाल पुन्हा मेणासारखे. सासूबाईंच्या ओठांना तर राखेचा रंग चढला होता.

सगळ्या हॉलमध्ये एकच चेहरा तेवढा लालबुंद राहिला, बाबांचा. त्यांनी घाम पुसला आणि निम्मी लाली पंच्याला लागली.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "आणि यांनी तर दोन-दोन आरसे दिले!"

"पण आजी, माझे तळवे अजून लाल आहेत हो," एक गृहस्थ काकुळतीनं म्हणाले. "आणि इथला काढा घेतला की तरतरी येते."

रिळवालीनं त्यांचा हात हुंगला. "सेवेकऱ्यांनी मिरचीचं तेल चोळलंय, काका. चोळलं तर माझेही होतील लाल." गादीजवळच्या काढ्याच्या किटलीचं झाकण उघडलं, तर आत काळी कडक कॉफी आणि तळाशी न विरघळलेली साखर.

बाबा शाप द्यायला उठले. "सात पिढ्या..."

"आधी या पिढीचं बघू," ती म्हणाली. "अहो, रिक्षा आणा."

नवरा हलेना. "मला वाटलं... सुई न टोचता झालं तर बरं."

"मला टोचणार होते रे, तुला नाही!" आई म्हणाली. "ऊठ आता."

एक वाजायला दहा मिनिटं असताना ते इस्पितळात पोचले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला आणि म्हणाल्या, "अजून दोन दिवस गेले असते तर हृदयानं हात टेकले असते." संध्याकाळपर्यंत पहिली पिशवी संपत आली. सासूबाईंनी एका दमात आख्खं वाक्य बोलून दाखवलं, तेही टोमण्याचं. कॅन्सर होता तिथेच होता. पण त्याच्याशी लढायचं औषध आता देता येणार होतं.

"हे कुणाचं गं रक्त?" त्यांनी नर्सबाईंना विचारलं.

"नाव सांगत नाहीत आम्हाला. कुणीतरी आपणहून दिलेलं."

सासूबाईंनी पिशवीकडे मान वळवली. "गादी नाही, शाल नाही, नाव नाही," त्या म्हणाल्या. "देऊन मोकळा झाला बिचारा."

नवरा बाही वर सारून उठला. सुई पाहून त्याचा चेहरा उतरला होता, पण पाय रक्तपेढीच्या दिशेनं वळले होते.

देवावर विश्वास ठेवावा. त्याला कुणी हरकत घेत नाही. पण देवानं आपल्याला डोळे दिलेत, आणि डोळ्यांमागे डोकंही. घरातलं म्हातारं माणूस धापा टाकू लागलं तर "वय झालं" म्हणून गप्प बसू नका आणि कुणा बाबाच्या दारात रांगही लावू नका. रक्त तपासा. कमी का झालं ते डॉक्टरांना विचारा. आणि धडधाकट असाल तर एक पिशवी देऊन या. कुणीतरी वाट बघत असतं.