आठ कोरे बोल्ट

गाडी अनिमेषची, हे ड्रोहेडा या आयरिश गावातल्या यच्चयावत मराठी माणसांना ठाऊक होतं. सुटे भाग मागवून, घरच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी बांधलेली! आता खरं सांगायचं तर त्या हातांना लॅपटॉपपलीकडे काही उघडायची सवय नव्हती. गाडी बांधली त्याच्या बायकोनं, पूर्णिमानं. लग्नाआधी तिची सहा वर्षं चाकणच्या कारखान्यात सस्पेन्शन बसवण्यात गेली होती आणि इथली चार वर्षं नोकरीचे अर्ज पाठवण्यात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा अनिमेष.

विम्यासाठी गाडी तपासणारा इंजिनिअर फॅरेल मागच्या महिन्यात एकदा येऊन गेला होता. ब्रेकच्या नळ्या पाहून तो म्हणाला, "हे ज्यानं केलंय, तसा माणूस मला वर्कशॉपमध्ये हवाय." अनिमेष नुसता हसला. फॅरेल गेल्यावर पूर्णिमानं विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस, तर म्हणे, "अगं, फायनल इन्स्पेक्शनला सांगतो ना. विषय निघेलच." तिनं विश्वास ठेवला. कामावाचून बसलेलं माणूस कशावरही विश्वास ठेवतं.

शुक्रवारी दुपारी तिनं चाकं धरून ठेवणारे लोखंडी हात बसवले. पक्क्या आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळी पट्टी ओढायची, ही चाकणची शिस्त. पट्टी ओढली म्हणजे शब्द दिला. आठ बोल्ट मात्र तिनं मुद्दाम सैल आणि कोरे ठेवले. ते गाडी चाकांवर उतरवून, सीटवर माणसाएवढं वजन टाकूनच आवळायचे असतात. अधांतरी आवळले तर आतलं रबर पिळवटून फाटतं.

"ते आठ उद्या सकाळी करते, फॅरेल इन्स्पेक्शनला यायच्या आत," ती म्हणाली.

"ग्रँड," अनिमेष इथल्या लोकांसारखं म्हणाला, म्हणजे 'बरं'. मोबाइलमधून त्यानं मान वर काढली नाही.

शनिवारी फॅरेल तासभर आधीच आला. पूर्णिमा तेव्हा वजनासाठी स्वयंपाकघरातून तांदळाची गोणी ओढत होती. गोणी उराशी धरून ती गॅरेजमध्ये शिरली, तर फॅरेल गाडीखालून बाहेर येत होता.

"हा बोल्ट बोटानं फिरतोय," तो म्हणाला. "आणि त्यावर आवळल्याची खूण. आठ ठिकाणी असंच. कुणी केलं हे?"

पूर्णिमानं वाकून पाहिलं. आठही कोऱ्या बोल्टांवर पिवळी पट्टी होती.

"माय वाइफ," अनिमेष ताबडतोब म्हणाला. "सस्पेन्शन सगळं तिचंच. मी हातही लावत नाही."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं बायकोचं काम बायकोच्या नावावर लावलं.

"खुणा माझ्या नाहीत," पूर्णिमा म्हणाली. आवाज कापला, त्याचा तिला संताप आला. "ते बोल्ट मी आवळलेच नव्हते अजून."

फॅरेलनं अनिमेषकडे पाहिलं. "ती जरा अपसेट झालीये," म्हणून अनिमेष समजूतदारपणे हसला. झालं, दोघा पुरुषांचं जमलं.

"बाकीचं काम फार सुरेख आहे," फॅरेल तिला म्हणाला, आणि तो खरोखरच हळहळत होता. "आवळायला विसरणाऱ्याला मी शिकवू शकतो. खोटी खूण करणाऱ्याला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तपासायला येतो."

त्याची व्हॅन वळेपर्यंत ती थांबली. "तू केलंस?"

"अगं, ग्रुपवर फोटो टाकायचा होता. तेवढे आठच कोरे दिसत होते, मारल्या पट्ट्या. मला काय माहीत, तो फिरवून बघेल!"

"मग तसं सांगायचंस त्याला."

"म्हणजे माझीच शोभा! आणि तोंड काय पाडतेस? तुझं नाव सांगायचं होतं ना, सांगितलं की."

बाकावरचा पाना उचलून त्याच्या दातांवर हाणावा, असं तिला वाटलं. तिनं गोणी खाली ठेवली. "गाडीत बस," ती म्हणाली. "वजन हवंय."

तो खुशीत बसला, स्टिअरिंग धरलं आणि सेल्फी काढू लागला. ती खाली शिरली. हे आठ असेच सोडले तर वर बसलेल्याचं काय होईल, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. क्षणभर ती तशीच पडून राहिली. मग तिनं आठही बोल्ट नीट आवळले. वाईट काम तिला येतच नव्हतं, आणि ते फॅरेलला आता कधीच पटणार नव्हतं.