काचेवरची ताई

ताईच्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. म्हणजे लिहायला बसलो होतो, पण 'प्रिय ताई'च्या पुढे गाडी सरकेना. तिला ऐकू कमी येतं, फोनचा उपयोग नाही. आमचं सगळं पत्रावरच. लहानपणी मी पुस्तकं कुरतडायचो म्हणून ती मला अजून वाळवीच म्हणते. तिनं लिहिलं होतं : 'प्रिय वाळवी, फुफ्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. सुई घालून झाली. आता म्हणतात, गोळ्यांनी भागेल का ते पेशींतली जनुकं तपासून ठरवायचं, पण पेशी कमी पडतायत, पुन्हा सुई घालू. मी काय पिठाची चाळण आहे? जन्मभर तू काचांत डोकं घातलंस. तू सांगशील तसं करेन.'

तू सांगशील तसं. इथेच माझी बोबडी वळली. लोकांच्या पेशी पाहण्यात माझं आयुष्य गेलं, पण शेवटचा शब्द मी नेहमी दुसऱ्या कुणाला तरी बोलू दिला.

उत्तर देण्याऐवजी मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत गेलो. भाचीनं नमुना तिथेच आणून दिला होता. तिथली प्रमुख एके काळची माझी विद्यार्थिनी. आता तिचेही केस पिकलेत. तिनं आधी खुर्ची दिली, मग ताईच्या पेशींची काच. सुईतून आलेल्या ऐवजाचा मेणाचा ठोकळा केला होता, त्यात नुसतं रक्त निघालं. पेशी होत्या त्या एका रंगवलेल्या काचेवर. जनुकं तपासायची तर ती काचच खरवडायला हवी, आणि खरवडली की निदानाचा मूळ पुरावा कायमचा गेला. त्यातून पेशी पुरल्या नाहीत तर तेलही गेलं, तूपही गेलं. पुन्हा सुई आलीच.

"मूळ काचेला हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत, सर," ती म्हणाली. "फोटो काढून ठेवलेत. डॉक्टरांची हरकत नाही. पण तुम्ही सांगा."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. जांभळ्या पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. रोगट खऱ्या, पण ताईच्याच. मला त्यांचा रागच येईना. एकेक पुंजका पाहिला, पुन्हा पाहिला.

"पुरतील," मी म्हणालो. "खरवड."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

काच डिंक विरघळवणाऱ्या झायलीनमध्ये बुडवली. तिच्यावरचं पातळ झाकण डिंकानं चिकटवलेलं असतं. ते आपणहून सुटेपर्यंत थांबायचं. ओढलं तर पेशीही त्याच्याबरोबर जातात. मी रोज जाऊन त्या भांड्यापाशी बसू लागलो. सगळे माझ्याभोवतीनं वाट काढत कामं करायचे. एकदा झाकणाचा कोपरा उचलल्यासारखा वाटला, आणि चिमटा माझ्या हातात कधी आला ते कळलंच नाही. तिनं माझं मनगट धरलं.

"हे मी केलं असतं तर आठवडाभर माझ्याशी बोलला नसतात."

"बोललो असतो," मी म्हणालो. "पण पुटपुटत."

ती हसली. मी चिमटा खाली ठेवून हात मांडीखाली दाबून बसलो.

झाकण सुटलं तेव्हा पातं तिनंच धरलं. काचेच्या पाठीवर खूण केलेल्या जागेतल्या पेशी तिनं हळूहळू खरवडून एका इवल्या नळीत उतरवल्या. ताईचा एवढासा जांभळा भुगा. मी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेत होतो.

अहवाल आला. जनुकातला जो बदल शोधत होते तो सापडला, आणि त्यावर गोळ्या आहेत. भाचीनं फोनवर रडून घेतलं, मग विचारलं, आईला सांगू का.

"नको," मी म्हणालो. "तिनं मला विचारलंय."

मग मात्र गाडी अडली नाही. 'प्रिय ताई, सुई नको. तुझ्या गाठीला लागू पडतील अशा गोळ्या आहेत, डॉक्टर त्याच देणार आहेत. पूर्ण बरी होशील असं लिहायचं धाडस मला होत नाही. पण श्वास मोकळा होईल, जिना चढशील, माझ्यावर ओरडशील. मी येतोय. राहायला येतोय.'

टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धं घालून मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग सोडलं.