अज्जांच्या तसबिरीतला तीळ

आमच्या घराण्यात कलेची कदर फार. म्हणून तर अज्जांच्या, म्हणजे आजोबांच्या, एका तसबिरीसाठी माझे अप्पा, म्हणजे माणिकप्पा, आणि त्यांचे थोरले भाऊ शरणबसप्पाकाका चार वर्षं निजामाच्या राज्यातल्या तुळजापूरच्या मुन्सफ कोर्टात भांडत होते. दोन घरांच्या मधे एकच भिंत. पण बोलणं वकिलामार्फत, तेही उर्दूत. दोघांनाही उर्दू येत नव्हती, त्यामुळं भांडण कसं अगदी अदबीनं चाललेलं.

अज्जा वारले तेव्हा आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार. जिवंतपणी त्यांचं चित्र काढावं असं कुणाला सुचलं नव्हतं. आता मात्र दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बिराप्पाला धावत बोलावलं. त्यानं चेहरा झकास उतरवला. पण मिटलेल्या डोळ्यांपाशी येऊन तो अडला.

"जित्या माणसाचे डोळे लागतील," म्हणाला.

अप्पा आणि काका तर अंगणात, पहिला खांदा कुणाचा यावर गळे काढत होते. दुःखच तेवढं मोठं! मग बिराप्पानं मलाच समोर बसवलं. मी दहा वर्षांची.

"पापणी हालवू नको गं मल्लू."

मी रडत होते, म्हणून डोळे जरा ओलेच उतरले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी.

कोर्टात तसबीर दर तारखेला पोत्यातून काढून खुर्चीवर ठेवत. काकांचा दावा, वडील माझ्याकडं मायेनं बघतायत, म्हणून तसबीर माझी. आमचे वकील म्हणत, छे, ते आमच्या अशिलाकडं बघतायत. सहा तारखा नुसत्या नजरेवर गेल्या. एकदा मुन्सफसाहेब स्वतः या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले आणि म्हणाले, "ये तो मेरी तरफ भी देख रहे हैं."

शेवटी ते कंटाळले. म्हणाले, आज समझोता करा, नाहीतर तसबिरीचा नीलाम, सरळ लिलाव!

"होऊ द्या नीलाम," काका म्हणाले, "माणिकप्पाकडं जायला नको म्हंजे झालं."

"त्याच्याकडं जाण्यापरीस नीलाम बरा," अप्पा म्हणाले.

चार वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं. डोळे भरून आले असते, पण मला अज्जांची काळजी पडली होती. त्या दिवशी मी शाळेला दांडी मारून अप्पांची भाकरी घेऊन आले होते. अज्जा आता कुठल्या हॉटेलात, भज्यांच्या धुरात टांगले जाणार?

मी उठले. छड्या खाऊन पाठ केलेली उर्दू एकदाची कामाला आली.

"साहब, वो आँखें मेरी हैं."

"मल्ले, खाली बस!" अप्पा ओरडले.

मुन्सफसाहेबांनी मला तसबिरीशेजारी उभं केलं. चष्मा लावला. तसबिरीत डाव्या डोळ्याखाली तीळ होता. माझ्याही डाव्या डोळ्याखाली आहे. अज्जांना तीळ नव्हताच. दोन लाडके लेक, दोन हुशार वकील, चार वर्षं; तीळ कुणालाच दिसला नव्हता.

"वालिद को तिल था?" साहेबांनी विचारलं.

वडलांना तीळ होता का, असं वकिलांनी मराठीत विचारलं, तसे काका छताकडं बघू लागले. अप्पा पायातल्या वहाणांकडं बघत बसले.

साहेबांनी हुकूम लिहिला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत तसबीर मल्लम्मा बिन्त माणिकप्पाच्या सुपूर्द, म्हणजे माणिकप्पाच्या लेकीच्या, माझ्या ताब्यात. दावा तर काय, माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात उभे.

"तसबीर नीट टांगली का, बघायला आलो," म्हणाले. मग तसबिरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "डोळे आमच्या बाजूचेच हायत. पोरगी माझ्यावर गेलीय."

"माझी पोरगी तुझ्यावर कशी जाईल रं?" अप्पा आतून गरजले.

वकिलाशिवाय भावाशी बोललेलं चार वर्षांतलं हे पहिलंच वाक्य. मी गुपचूप अप्पांच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला.