बिनआवाजाची मशीन

“साहेब, दार पुरतं लागून नाही राहिलं, म्हणून मशीन थांबते. इंजिनियर साहेबाले जेवून येऊ द्या,” ईश्वरदास म्हणाला.

“मले शिकवू नको. मालक येऊन राहिले. त्या स्विचले तार बांध.”

ईश्वरदासने पक्कड खाली ठेवली. “मी नाही बांधत.”

फोरमन मनोहररावांनी स्वतःच तार घेतली आणि जाळीच्या दाराचा सेफ्टी स्विच दाबून बांधून टाकला. आता दार उघडं असलं तरी साचा मिटणार होता.

कळमेश्वरच्या त्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं होत. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिथे जपानी मशीन आली. तेलाचा पंप नाही, सगळं विजेच्या मोटारींवर. जुन्या मशीनची घरघर शेडभर ऐकू येई. ही चालू असूनही गप्प असायची.

त्या जुन्या मशीनवर ईश्वरदासचा थोरला भाऊ बाबनराव होता. घरचा माग बंद पडला म्हणून इथे लागलेला. त्याचा उजवा पंजा साच्यात चिरडला तेव्हाही दाराचा स्विच असाच बांधलेला होता. चौकशीआधी तार नाहीशी झाली. बाबनराव पिऊन आला होता, असं मनोहररावांनी सांगितलं. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस दारुडा ठरला. त्याच्या मुलीची, चंद्रकलाची, ठरलेली सोयरीक मोडली. ईश्वरदास मात्र त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून टिकून राहिला. रोज मनोहररावांना नमस्कार करायचा आणि वाट पाहायचा.

मशीन चालू झाली. चार-दोन झाकणं पडली, एक आत चिकटलं आणि साचा उघडाच थांबला. आवाज नाही म्हणजे मशीन बंद, या जुन्या सवयीने मनोहररावांनी हात आत घातला. घड्याळाचा पट्टा आतल्या खिळीत अडकला.

ईश्वरदास पॅनेलपाशी उभा होता. त्याचं बोट साचा मिटवणाऱ्या हिरव्या बटणावर गेलं.

“साहेब, मशीन चालू हाय.”

मनोहररावांनी वळून पाहिलं. हात ओढला. निघेना.

“बंद कर, ईश्वर!”

“माह्या भावाच्या वक्ती तार कोणं बांधली होती?”

झाकणं निवडणारी गोपिका काम सोडून उभी राहिली.

“येडा झाला काय गा तू?”

“जोरानं सांगा. गोपिकाबाई ऐकून राहिल्या.”

“मीच! मीच बांधली होती! बाबन पेला नव्हता!”

ईश्वरदासला वाटलं होतं, हे ऐकलं की मन निवेल. निवलं नाही. बोट बटणावरून उचलायला त्याला सगळा जीव एकवटावा लागला. मग त्याने मेन स्विच पाडला.

मशीन लगेच बंद केली नाही म्हणून मालकाने ईश्वरदासला त्याच दिवशी काढलं. पण गोपिकाने ऐकलेला शब्दन् शब्द मालकासमोर सांगितला आणि सुटी झाल्यावर बसमध्येही.

घरी बाबनराव जेवायला बसला होता. ईश्वरदासने सारं सांगितलं.

“हात वाचला त्याचा?”

“वाचला.”

“तुह्या बोटाखाली होता ना थो?”

“होता, दादा.”

“मंग काहून सोडला?”

बाबनराव डाव्या हाताने पोळी मोडू लागला. ती तुटेना. ईश्वरदासने मदतीला हात पुढे केला, तेव्हा भावाने ताट आपल्याकडे ओढून घेतलं.