मावशींना धरून

"सत्तावीस," मावशी म्हणाली आणि स्वतःच थबकली. "छे! हे काय भलतंच?"

शाळेची बस फाटकाबाहेर घुरघुरत उभी होती. दुपारची सुटी झाली होती आणि आत मुलांचा नुसता कलकलाट चालला होता. मावशीच्या वहीत नावं होती सव्वीस. बसमध्ये मुलांच्या जागाही सव्वीस; शिवाय एक ड्रायव्हरची आणि एक दाराजवळची घडीची, ती मावशीची. आत्ताच तिने एकेक नाव पुकारलं होतं आणि सव्वीसच्या सव्वीस "हजर" ठणठणीत आले होते. मग डोकी सत्तावीस कशी?

ती पुन्हा पुढून मागे गेली, प्रत्येक डोक्यावर हलकेच टपली मारत. पुन्हा सत्तावीस.

"मावशी, तुम्ही स्वतःला धरलंत!" मागच्या बाकावरून सातवीतली चष्मेवाली ओरडली आणि अख्खी बस खो खो हसली.

"मी कशाला स्वतःला धरू? मी काय शाळेत जाते?"

"जाताच की रोज!"

मावशीही हसली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "मावशी, निघू का? मागे गाड्या खोळंबल्यात."

"निघा भाऊ," ती म्हणाली आणि घडीची जागा उघडून बसली. पण घरी जाईपर्यंत तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. स्वतःला धरलं असेल का खरंच? धरायचं तरी कसं? स्वतःच्या डोक्यावर टपली मारल्याचं तर आठवत नव्हतं.

मोजणी म्हणजे मावशीचा जीव की प्राण. चौदा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, ती घरी पोचून चपला काढत होती आणि अचानक तिच्या लक्षात आलं की चढताना मुलं एकोणीस होती आणि उतरताना अठराच. तशीच अनवाणी धावत सुटली. बस उभी करायच्या जागी, शेवटच्या बाकाखाली, एक पहिलीतलं पोर दप्तर उशाला घेऊन गाढ झोपलेलं सापडलं. दहा मिनिटांत ते आईच्या हातात गेलं, गोष्ट तिथेच मिटली. मावशीच्या मनातून मात्र ती कधी मिटली नाही. तेव्हापासून चढताना एकदा, उतरताना एकदा आणि शेवटी वाकून बाकांखाली एकदा. एक कमी भरलं तर काय करायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण एक जास्त भरलं तर? ते तिला कोणीच कधी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी चोख सव्वीस. दुपारी सत्तावीस. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी डोकं ठिकाणावर आणि दुपारी बिघडतं, असं कुठे असतं का?

"सूनबाई, दोरीवर कपडे किती आहेत गं?" तिने संध्याकाळी विचारलं.

"चौदा."

"मलाही चौदाच वाटले," मावशी सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाली.

सून भांडी पुसता पुसता थांबली. "आई, काय झालंय? काल जिन्याच्या पायऱ्या मोजत होतात, परवा चिमटे. डोळे दाखवून या ना एकदा. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नंबर वाढला म्हणून माणसं वाढतात होय?" मावशी फणकारली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला भीती वाटली. तिची स्वतःची आई शेवटी शेवटी अशीच झाली होती. ताटं मांडताना एक ताट जास्त मांडायची आणि कोणाचं म्हणून विचारलं तर गोंधळून बघत राहायची. बसमध्ये असं चालायचं नाही. मोजता येत नसेल त्या बाईने मुलांच्या बसमध्ये पाय ठेवू नये, हे मावशीचं स्वतःचंच मत होतं.

चेहऱ्यांवरून ओळखावं, तर तेही यंदा अवघड होतं. दोन बस मिळून एक केलेली. निम्मी मुलं नवी. सगळ्यांचे गणवेश सारखे, वेण्या सारख्या. आणि मागचं बाक म्हणजे मुली, दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या यांचा एकच गोळा. पाच जणींच्या बाकावर कोणाचा पाय कुठला, ते देवच जाणे.

तीन आठवडे असे गेले. रोज दुपारी ती टपल्या मारत मागे जायची आणि रोज चष्मेवाली ओरडायची, "मावशी, स्वतःला धरलंत!" पुढे पुढे मावशीने सरळ एक वजा करायला सुरुवात केली. नाइलाजच होता.

आणि मग एका बुधवारी दुपारी चमत्कार झाला. नावं पुकारली, सव्वीस हजर. डोकी मोजली, सव्वीस! तिने पुन्हा मोजली. सव्वीसच! मावशीला एवढा आनंद झाला की तिने शेवटच्या पोराचा चक्क गालगुच्चा घेतला.

"जमलं हो भाऊ! सुटले एकदाची!"

"काय जमलं?"

"काही नाही. चला तुम्ही."

सकाळी एक मुलगी आली नव्हती, हे तिला आठवत होतं. आली असेल उशिरा बापाच्या गाडीवर, ती मनाशी म्हणाली. हिशेब जुळला होता. जुळलेल्या हिशेबात बोट घालायची तिला मुळीच इच्छा नव्हती. नेहमीप्रमाणे हजेरीच्या पानाचा फोटो काढून तिने पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती खिडकीबाहेर बघत निवांत बसली.

संध्याकाळी फोन आला. त्या गैरहजर मुलीची आई.

"मावशी, माझी मुलगी सकाळपासून तापाने फणफणलीय. आत्ता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. आणि तुमच्या वहीत ती दुपारी बसमध्ये हजर! मग बसमध्ये कोण होतं?"

बसमध्ये कोण होतं? ती रात्रभर हाच प्रश्न घोळवत राहिली. इतके दिवस मोजणी चुकत होती आणि जुळली, तर नेमकी त्याच दिवशी हजेरी चुकली! वेड लागायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नावं पुकारली नाहीत की डोकी मोजली नाहीत. मुलं चढली तशी ती सरळ मागे गेली आणि गुडघे कुरकुरत असतानाही खाली वाकली. बाकाखाली दप्तरांचा ढीग होता. त्यात एक निळं दप्तर, त्याच्या पाठीवर रुंद चमकणारी पट्टी.

मावशी वाकलेलीच राहिली. ते दप्तर ती चांगलं ओळखत होती. रस्ता सुरक्षा समितीने वाटलेलं. पालक, दुकानदार सगळ्यांनी मिळून चालवलेली समिती ती; शाळेची बसही तीच बघायची. जी मुलं पायी घरी जातात त्यांना असं दप्तर द्यायची, गाडीवाल्यांना लांबून दिसावीत म्हणून. फक्त पायी जाणाऱ्यांना. बसमधल्या एकाही मुलाकडे ते असायचं कारण नव्हतं.

"हे कोणाचं?"

मग दोन मुलींच्या मधून एक बारकीशी मुलगी उठून उभी राहिली. पाचवीतली. पाच जणींच्या बाकावर ती सहावी होती.

"माझं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मावशी, तिला नका ओरडू, मी बसवलं," चष्मेवाली पुढे झाली. "सकाळी तिची आई सोडते. दुपारी आई कामावर असते, रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत. मग हिला हमरस्त्याने जावं लागतं, सिमेंटच्या ट्रकांमधून. मावशी, त्या रस्त्याने कुत्रंसुद्धा चालत नाही हो!"

"आणि काल?"

"काल एक नाव रिकामं होतं ना," चष्मेवाली खाली बघत म्हणाली. "म्हटलं, एक दिवस तरी हिला नाव असू दे."

मावशीला त्या पोरांना बदडावं की पोटाशी धरावं तेच कळेना. म्हणजे ती बरोबर होती! रोज, तिन्ही आठवडे, सत्तावीस म्हणजे सत्तावीसच होते. डोकं शाबूत होतं. तिला हसू आलं आणि लगेच मावळलं. या दिवसांत बसला काही झालं असतं तर? सव्वीस मुलांना शोधलं असतं. सत्ताविसावी कोणाच्या गावीही नव्हती.

शनिवारी समितीची बैठक चित्रकलेच्या वर्गात भरली. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. समितीच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टर होत्या. सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. मावशीने काहीही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, बसमध्ये मुलांच्या जागा किती?"

"सव्वीस."

"मग सत्ताविसावीला बसवू कुठे? तुम्हीच सांगा."

"माझ्या जागेवर बसवा."

"आणि तुम्ही?"

"मी उभी राहीन दाराशी. सवय आहे मला."

"चालत्या बसमध्ये कोणीही उभं राहायचं नाही, हा नियम इथे कोणी मांडला होता?"

"मीच," मावशी हळूच म्हणाली.

"सहा वर्षांपूर्वी हमरस्त्याच्या वळणावर रिक्षा उलटली. सहा मुलांच्या रिक्षात अकरा होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाला घेतलं, दुसऱ्याला कसं नाही म्हणायचं, असं करत करतच अकरा झाली होती. मला ती मुलगी नकोय असं नाही हो. पुढच्या सत्रात पहिली जागा तिची, मी लिहून देते. पण आज मी काय करू?"

डॉक्टरीणबाईंचं खोटं नव्हतं. चष्मेवालीचंही खोटं नव्हतं. आणि पुढच्या सत्रापर्यंत ट्रक काही थांबणार नव्हते, हेही तितकंच खरं. सगळेच बरोबर असतील तर चुकलं कोण?

"चुकीची हजेरी लागली, ती मात्र सोडता येणार नाही," एक पालक म्हणाले. "चेहरा न बघता हजर मांडलंत तुम्ही."

"मांडलं," मावशी म्हणाली. "ते मी केलं. मोजणी जुळली म्हणून खूश झाले आणि बघितलं नाही."

सत्र संपेपर्यंत मावशीने घरी बसावं असं ठरलं. तिने हजेरीची वही, पेन आणि शिट्टी बाकावर ठेवली. चौदा वर्षं गळ्यात असलेली शिट्टी काढताना दोरी अंबाड्यात अडकली. डॉक्टरीणबाईंनी उठून ती सोडवली.

सोमवारी दुपारी मावशी पातळ बदलून निघाली.

"कुठे?" सुनेने विचारलं.

"डोळे दाखवून येते."

पण पाय शाळेकडेच वळले, आणि तिनेही ते वळू दिले. फाटकापाशी बस उभी होती. दारात नवी बाई वही घेऊन नावं पुकारत होती, जरा घाईतच. चमकत्या पट्टीचं दप्तर पाठीला लावून ती बारकी मुलगी बसच्या मागून, कोणाकडे न बघता निघाली होती. मावशी तिच्या मागोमाग गेली आणि तिचा हात धरला.

"अशी कडेने नाही गं. समोरून येणारी गाडी दिसेल त्या बाजूने चालायचं. आणि तू आत, मी बाहेर."

"मावशी, तुमची नोकरी माझ्यामुळे..."

"रस्त्यात बोलायचं नाही. पाय उचल."

दोघी हमरस्त्याला लागल्या. ट्रक आले की मुलगी अंग चोरायची आणि मावशीचा पदर जोरात फडफडायचा. मावशीला भीती वाटत होती. नाही कसं म्हणणार? एवढ्या वर्षांत तो रस्ता तिने काचेच्या आतूनच पाहिला होता. इतका लांब असेल असं तिला वाटलं नव्हतं. उद्याही यायचं, परवाही यायचं, हे मात्र तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. गुडघ्यांना तिने विचारलंच नाही.

मागून ओळखीची घुरघुर ऐकू आली. बस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने आली आणि हळू झाली. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही, फक्त मान लववली. सगळ्या खिडक्यांना चेहरे चिकटले होते. हात एकाचाही बाहेर नव्हता. मावशीची शिकवण होती ती. आतून मोजणी ऐकू येत होती, सगळ्यांची मिळून, तारस्वरात.

"चोवीस! पंचवीस! सव्वीस!"

मग मागच्या काचेतून चष्मेवालीने बारक्या मुलीकडे बोट केलं.

"सत्तावीस!"

आणि मग अख्खी बस ओरडली, "मावशींना धरून अठ्ठावीस!"

बस वळणावर दिसेनाशी झाली. मावशीचे डोळे भरून आले होते, पण पुसायचे तर मुलीचा हात सोडावा लागला असता. तिने तो सोडला नाही. चालता चालता तिने एकदा मान वळवून मागे पाहिलं, नेहमीच्या सवयीने, कोणी राहिलं तर नाही ना म्हणून. मागे कोणी नव्हतं. दोघी पुढे चालू लागल्या.